माझ्या डोळ्यांनी बघितलं

१२ जुलै

बारके,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी काय लिहायचे. पत्र बघून धसका घेऊ नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोन मी बंद करून पत्र्याच्या डब्यात घातला आणि डबा माळ्यावर टाकला, त्याला तीन महिने झाले. का, ते विचारू नकोस. शाळेच्या फोनवरही करू नकोस. तो मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर असतो आणि त्यांचे कान सदा इकडेच. चौथी शिकलेल्या बाईला जेवढं जमतं तेवढं लिहिते. अक्षर लावून वाच.

तू तिकडे समितीत बसून जे धडे बनवलेस ते आमच्या शाळेत आले. चोपडीच्या मागे तुझं नाव बघून मी मोठ्या बाईंना म्हटलं, ही माझ्या भावाची मुलगी. त्या म्हणाल्या, "असं?" नुसतं असं. शिपाईबाईच्या घरात शिकलेलं माणूस असतं हे त्यांना पचायला अजून आठवडा लागेल.

पण काय गं, त्या 'बातमी तपासा'ला एक तास ठरवून द्यायचा की नाही? सगळ्या विषयांत मिठासारखं टाकून ठेवलंस. गणिताच्या बाई फळ्यावर लिहितात, एकाने सहा जणांना पाठवलं, त्या सहांनी आणखी सहा-सहांना, पुढे किती? सहा, छत्तीस, दोनशे सोळा, बाराशे शहाण्णव. पोरं बोंबलून उत्तरं देतात. विज्ञानाला दोन रकाने, काय बघितलं आणि काय नुसतं वाटलं. चित्रकलेला एकच बातमी काळ्या अक्षरांत आणि लाल अक्षरांत, घाबरवते कोणती ते सांगा. खेळाच्या सरांनी मैदानात रांग लावली आणि पहिल्याच्या कानात सांगितलं, "उद्या सुट्टी नाही." शेवटचं पोरगं ओरडलं, "उद्या सुट्टी!" दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आलाच नाही. मोठ्या बाईंनी सरांना आत बोलावून दार लावून घेतलं.

मी घंटा देते, सूचनावही घेऊन वर्गावर्गांत सह्या गोळा करते, त्यामुळे सगळं कानावर पडतं. प्रत्येक वर्गात तुम्ही तो एकच आवाज वाजवायला दिलाय. आमच्याच फाटकावरचा. तू पेपरात वाचलं असशील, पण पेपरात धड काही नव्हतं. फाटकासमोरच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा बसायचा. एका पोरीच्या दप्तराची चेन अडकली होती, ती तो पकडीने सोडवून देत होता. कुणीतरी फोनवर आवाज भरून पाठवला. तासाभरात माणसं जमली. त्याच्या दोन्ही हातांची हाडं मोडली, बोटं आता मिटत नाहीत म्हणतात. मारणाऱ्या पाच जणांना पोलीस घेऊन गेले. आवाज कोणाचा ते काही कळलं नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापल्या फोनमधून पुसून टाकला होता.

तर विचारायचं एवढंच, की सबंध जगात तुम्हाला दुसरं उदाहरण मिळालं नाही का?

आत्या


२२ जुलै

प्रिय आत्या,

हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट माझ्या नावाने येतं याची सवयच राहिलेली नाही. आधी मला ते विजेचं बिल वाटलं. मग अक्षर पाहिलं आणि जिन्यातच उभ्याने वाचून काढलं.

सगळ्या विषयांत का टाकलं, तर वेगळा तास दिला की मुलं त्या तासापुरती शहाणी होतात आणि घंटा झाली की विसरतात. घंटा तूच देतेस, तुला वेगळं काय सांगायचं. गणितात, भूगोलात, मैदानावर, सगळीकडे तोच प्रश्न समोर आला तर तो अंगात मुरेल असा आमचा हिशेब. खेळाच्या सरांचा किस्सा मी समितीत सांगितला. कधी न हसणारे अध्यक्षसुद्धा हसले.

उदाहरण मी एकटीने निवडलेलं नाही. ओळखीच्या जागेतलं असावं असं सगळ्यांचंच मत पडलं. यंदा वीस शाळांत हे धडे चालतील. वीस सप्टेंबरला शेवटची बैठक आहे, तिथे मान्य झाले की पुढच्या वर्षी दोनशे शाळा. चार वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, आत्या.

एक ऐक. तो आवाज वाजत असेल तेव्हा त्या वर्गापाशी थांबू नकोस. सही नंतर घे. पुढे निघून जात जा.

फोन का बंद केलास ते विचारत नाही, तू नको म्हणालीस. वेळेवर जेवतेस ना?

तुझी,
बारकी


३० जुलै

बारके,

जेवते. ताटात पडेल ते गिळते. परवा घराला कुलूप न लावताच शाळेत गेले. संध्याकाळी परत आले तर दार नुसतं लोटलेलं. बघितलं, आत गेले, चहा ठेवला. पूर्वी मी अशाने आळी डोक्यावर घेतली असती. आता काही होतच नाही आतून. दात काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात ना, तसं सगळ्या अंगाला झालंय.

तू लिहिलंस, थांबू नकोस. का गं? मला कोणी थांबू नकोस म्हटलं की मी थांबते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून सातवीच्या दारात मुद्दाम उभी राहिले, वही पोटाशी धरून, सगळं संपेपर्यंत.

तो आवाज पुरुषाचा आहे. घशात खडे भरल्यासारखा.

खरा आवाज बाईचा होता. मी ऐकलाय. अख्ख्या गावाने ऐकलाय, पण पुसून टाकला तसा लोकांनी डोक्यातूनही टाकला. कुणाला विचारावं तर मान फिरवतात, हो, पुरुषच असेल म्हणतात. मला मात्र पाठ आहे. "बायांनो, पोरी सांभाळा. शाळेच्या फाटकापाशी हिरव्या शर्टातला माणूस पोरींना ओढतोय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." असं होतं. तुमच्यात "पोरी सांभाळा"पासून सुरू होतं. बायांनो कुठे गेलं?

तुझ्या चोपडीत पहिल्याच पानावर लिहिलंय, ऐकलेल्यात काटछाट आहे का ते आधी विचारा. बोट ठेवून ठेवून वाचलं मी ते. म्हणून विचारते. ही काटछाट कोणी केली?

आत्या


८ ऑगस्ट

आत्या,

मी केली. तो आवाज तुझा होता म्हणून केली.

त्या दिवशी दुपारी मी बसमध्ये होते. तो मला तुमच्याकडच्या कोणाकडूनही आला नाही. माझ्या सोबत शिकवणाऱ्या एका बाईंनी पाठवला, त्यांना त्यांच्या जावेने, पुढे देव जाणे कोणी. पहिल्या शब्दाला ओळखला. ज्या आवाजाने तू मला उन्हातून घरात ओढायचीस तो मी ओळखणार नाही? नंतर तुझा फोन बंद लागायला लागला तेव्हा जे समजायचं ते समजले.

समितीत तो आवाज घ्यायचं ठरलं तेव्हा मीच म्हटलं, माझ्याकडे आहे, तयार मी करते. तसाच वाजवला असता तर तुमच्या शाळेतल्या पहिल्या वर्गात, पहिल्या दिवशी, सगळ्यांनी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून जाड केला, बायांनो कापलं. बदललाय असं कुठेही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कोणीतरी मूळ मागितला असता. मूळ माझ्याकडे आहे, आणखी कोणाकडे असेल असं वाटत नाही.

मी जे शिकवते त्याच्या बरोबर उलटं मी केलं, हे मला कळतं. तू वेगळं लिहायला नको.

कोणाला काही सांगू नकोस. बाबांनाही नाही. फक्त मला एक सांग. तू खरंच बघितलं होतंस?

बारकी


१७ ऑगस्ट

बारके,

नाही बघितलं.

शेजारच्या इमारतीत झाडू मारते ती माझ्याकडे पाणी प्यायला आली होती. पिता पिता म्हणाली, बाहेर एक माणूस पोरीचं दप्तर ओढतोय बघ. मी कोठीत होते, खडूंची खोकी लावत होते. खिडकीतून फाटक दिसतं. पण खिडकीपुढे नकाशांची गुंडाळी उभी करून ठेवली होती. ती हलवायचा कंटाळा आला. एवढंच. उभ्या उभ्या फोन काढला आणि आमच्या गल्लीतल्या सहा बायकांना बोलून पाठवलं.

आता तू म्हणशील, मग बघितलं असं का म्हणालीस. बावीस वर्षं मी या शाळेत सांगतेय, नळ गळतोय, जिन्याची फरशी हलतेय, मागच्या भिंतीला चीर गेलीय. "बघू हं मावशी." फरशीवरून पोरगं पडलं तेव्हा बघितलं त्यांनी. मी ऐकलंय म्हटलं असतं तर त्या सहा जणीसुद्धा हातातलं काम सोडून उठल्या नसत्या. म्हणून म्हटलं माझ्या डोळ्यांनी बघितलं. तेवढं एक वेळ सगळ्यांनी ऐकलं. तासाभरात माझाच आवाज माझ्या फोनवर परत आला, ओळख ना पाळख अशा माणसाकडून, आणि त्याखाली लिहिलेलं, दहा पोरी गायब. तेव्हा बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता. मी फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले, तासाची घंटा द्यायची होती. दिली.

गल्लीतल्या बायका गप्प आहेत. पुढे ढकलणाऱ्या त्याच, बोलतील कुठून.

हे झालं माझं. आता दुसरं ऐक, ते जास्त महत्त्वाचं.

फाटकाला लागून वह्या-पेनांचं दुकान आहे. दुकानवाले काका एकटेच बसतात, पोरांवर खेकसतात, पण पेनाची रिफील चालत नसेल तर बदलून देतात. त्यांचा घसा बसलेला, जन्माचा. सातवीच्या पोरांनी तुझा धडा जीव लावून केला. त्या वेळी फाटकापाशी कोण कोण होतं, कोणाचा आवाज जाड, किल्लीवाल्याशी कोणाचं वाकडं. कोपऱ्यात बसण्यावरून त्या दोघांची एकदा जुंपली होती, तेही पोरांनी शोधून काढलं. रकाने भरले आणि उत्तर आलं दुकानवाले काका. घरोघरी जाऊन सांगितलं. आता त्यांच्याकडून कोणी खोडरबरसुद्धा घेत नाही. काल त्यांच्या शटरवर कोणीतरी काळ्या रंगाने लिहून ठेवलंय, "बोल". किल्लीवाल्याचा मेहुणा रोज येऊन समोर उभा राहतो. तासभर उभा राहतो आणि जातो.

गणिताच्या बाईंची बेरीज मला आता येते. पुन्हा तीच सुरू झालीय, आणि या वेळी सुरुवात तुझ्याकडून आहे.

मूळ आवाज मोठ्या बाईंना पाठव.

आत्या


२६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मला दुकानवाल्यांचं फार वाईट वाटतं. मी कालच सगळ्या शाळांना पत्र काढलं आहे की या धड्यातून खऱ्या माणसाचा शोध घ्यायचा नाही, मुलांना तसं करू देऊ नये. मोठ्या बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं की हे थांबेल.

पण मूळ आवाजाचं वीस तारखेपर्यंत राहू दे. नीट विचार कर. तू सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल, अजून सात वर्षं आहेत तुझी. पोलीस येतील. आणि ज्या बाईने बातमी तपासायचे धडे लिहिले तिनेच आवाज बदलला हे बाहेर आलं, तर धडे मान्य करणं सोडच, कोणी हातातही धरणार नाही. दोनशे शाळांतली मुलं, आत्या. पुढच्या वेळी कोणीतरी पुढे पाठवण्याआधी थांबेल, एवढ्याचसाठी मी हे करत होते. बैठक होऊ दे. मग मी स्वतः येते आणि आपण दोघी मिळून ठरवू.

तोपर्यंत गप्प राहा. माझ्यासाठी.

बारकी


२ सप्टेंबर

बारके,

तुझं पत्रक मोठ्या बाईंनी वाचून दाखवलं. पोरांनी विचारलं, का नाही शोधायचं, कोणाला वाचवायचंय? आता ती जास्तच शोधतात.

गप्प राहा म्हणालीस. नाही राहिले. सोमवारी चौथ्या तासाला भाषेच्या बाईंनी सातवीत तो आवाज वाजवला आणि विचारलं, "हा माणूस आत्ता वर्गात आला तर तुम्ही त्याला काय विचाराल?" मी सूचनावही घेऊन दारात उभी होते. म्हटलं, "मला विचारा."

पोरं हसली. बाई म्हणाल्या, "मावशी, सही नंतर." मी म्हटलं, सहीचं नाही, आवाज माझा आहे. मी पाठवला होता.

मग काय झालं ते ऐक. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली बसते, तिने हात वर केला.

"मावशी, पुरावा काय?"

मी म्हटलं, मी सांगतेय हाच पुरावा.

"सांगणं हा पुरावा नसतो, मावशी. तपासावं लागतं."

मागून एक कार्टं म्हणालं, "बोलून दाखवा ना मावशी!" मग मी बोलून दाखवलं. टेबलापाशी उभी राहून, सगळं, बायांनो धरून. माझा आवाज कापला नाही की काही नाही, सूचना वाचावी तसं बोलले. त्यांनी परत यंत्रातला ऐकला, परत मला बोलायला लावलं. तीनदा. चष्मेवालीने फळ्यावर रकाने आखले. आवाज, जुळत नाही. पहिला शब्द, जुळत नाही. त्या वेळी मावशी फाटकावर होती का, तर नाही, घंटेपाशी होती, दोघांनी बघितलं होतं. मग हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूने दोन हात, आणि त्यातला एक ज्याला मी रोज उशिरा आला तरी आत घेते त्याचा.

खाली लिहिलं, निष्कर्ष, खोटं.

बाई पोरांना म्हणाल्या, "छान तपासलंत. शाबास." मग मला दाराबाहेर घेऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मावशी, कळतंय मला. दुकानवाल्यांना वाचवायला बोलताय. मन मोठं आहे तुमचं." आणि वहीवर सही केली.

मन मोठं म्हणे. मी घंटेपाशी जाऊन बसले. हसू यायला हवं होतं, तेही आलं नाही.

पोरांचं काही चुकलं नाही. तू शिकवलंस तसंच त्यांनी केलं, एक पायरी सोडली नाही. त्यांच्या हातात जे दिलंस तेच सडकं होतं.

मग त्या मेहुण्याकडे गेले. तोही तेच. त्याच्या पुतणीने सातवीतलं घरी सांगितलं होतं. म्हणाला, "मावशी, तुम्ही मध्ये पडू नका, तुमचं खोटं शाळेतल्या पोरांनीसुद्धा पकडलं." काल त्याने दुकानवाल्या काकांना सगळ्यांसमोर सांगितलं, पंधरा तारखेला किल्लीवाल्याच्या हातांचं दुसरं ऑपरेशन आहे, तोवर कबूल हो, नाहीतर त्याच दिवशी तुझेही हात तसेच करतो. काका कबूल कशाचं होणार? ते म्हणाले, "अरे पण मी काही केलंच नाही रे." त्या फुटक्या आवाजात. तो ऐकून उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, झालं, ओळख पटली.

तुझ्या दोनशे शाळा वीस तारखेला. यांचे हात पंधराला. तू शिकलेली आहेस, आधी कोणतं येतं ते बघ.

हे पत्र मिळेल त्या दिवशी मूळ आवाज मोठ्या बाईंच्या फोनवर पाठव. नाही पाठवलास तर मला परत लिहू नकोस.

आत्या


९ सप्टेंबर

आत्या,

पाठवला. आज सकाळी सव्वाअकराला. मोठ्या बाईंना, तुमच्या ठाण्याला आणि आमच्या अध्यक्षांना, तिघांना एकदम, म्हणजे मला मागे घेता येऊ नये. मी काय कापलं आणि काय बदललं तेही सोबत लिहिलं. का, ते लिहिलं नाही. ते आपलं आहे.

पाठवताना तुझा आवाज पुन्हा शेवटपर्यंत ऐकला. शेवटी, बोलणं संपल्यावर, तू पलीकडच्या कोणाला तरी विचारतेस, "अजून पाणी हवं का?" मी ते इतके महिने ऐकलंच नव्हतं.

अध्यक्षांनी मला उद्या बोलावलं आहे.

बारकी


२४ सप्टेंबर

बारके,

तुझं काय झालं ते दादाच्या पत्रातून कळलं. धडे ठेवले आणि तुला काढलं. नाव पण काढलं म्हणे चोपडीवरून. मी सॉरी वगैरे म्हणणार नाही, तूही मला म्हणू नकोस.

इकडचं सांगते. दहा तारखेला पोलीस शाळेत आले. जबाब घेतला, खाली सही करायला सांगितली, मी पूर्ण नाव लिहिलं. तारीख पडेल म्हणाले. मोठ्या बाईंनी मला कामावरून थांबवलंय, चौकशी होईपर्यंत. घंटा आता खेळाचे सर देतात, दोन मिनिटं उशिरा. ठाण्यातल्या साहेबांनी मेहुण्याला बोलावून आवाज ऐकवला. तो दुकानापाशी गेला, शटरवरचं घासायला लागला. रंग निघाला नाही. काका आतून म्हणाले, "राहू दे आता." पोरं परत वह्या घेतात. काका परत खेकसतात, पण पूर्वीपेक्षा हळू. आणि बोलून झालं की गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत राहतात.

वस्तू घ्यायला शेवटचं शाळेत गेले तेव्हा भाषेच्या बाईंनी मला सातवीत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. मूळ आवाज वाजवला, बायांनोपासून पाण्यापर्यंत. कोणी हसलं नाही. चष्मेवालीने वहीतलं पान काढलं, खोटं खोडून खरं लिहिलं, तारीख घातली. मग हात वर केला. मला वाटलं आता सॉरी म्हणेल. तिने विचारलं, "पण मावशी, तुम्ही बघितलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग बघितलं असं का म्हणालात?"

"बघितलं म्हटलं की लोक ऐकतात."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. छत्तीस पेनं एकदम चालताना कसा आवाज होतो ते मी बावीस वर्षांत कधी बसून ऐकलं नव्हतं.

परवा किल्लीवाल्याकडे गेले. पाच महिने मी तो कोपरा टाळून लांबून जात होते. ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात अंगठा हलेल, बाकीचं सांगता येत नाही. जागेवर त्याची बायको बसली होती, कानस घेऊन. तो मागे स्टुलावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. "किल्लीचे दात जास्त घासू नकोस, नुसता हात फिरव," असं तिला सांगत होता. मी समोर उभी राहिले आणि सांगितलं. मी कोण, काय पाठवलं, बघितलं नव्हतं, खिडकीपुढचे नकाशे हलवायचा कंटाळा आला. काही राखून ठेवलं नाही. वाटलं होतं अंगावर येईल, शिव्या देईल. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान काही लागलं असतं मला.

तो माझ्याकडे बघत होता. तिने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "बाई, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले. तिने किल्ली वर धरून बघितली आणि पुन्हा घासायला घेतली.

आत्या